आठव्या शतकातल्या आयर्लंडमध्ये थकलेली उधारी कशी वसूल करायची

जुना आयरिश कायदा समजून घ्यायचा असेल तर पुस्तकाच्या पहिल्या पानापासून सुरुवात करू नका, कारण दर्जांची नावं, दंडांचे तक्ते आणि जिभेला न झेपणारे शब्द यातच दहा पानांत माणूस गळपटतो. त्यापेक्षा एक दावा लावून बघा. डोक्यातल्या डोक्यातच, पण अगदी शेवटपर्यंत तडीस न्यायचा. हा कायदा नियम म्हणून वाचला की विचित्र वाटतो, आणि वसुली म्हणून वाचला की एकदम कळतो.

तर धरून चला, साल साधारण ७५०. तुम्ही आयर्लंडमधले खाऊनपिऊन सुखी शेतकरी. शेजाऱ्याने २ दुभत्या गाई नेल्या, अमुक दिवशी परत करतो म्हणाला, आणि आता समोर दिसला की रस्ता बदलतो. पोलीस नाहीत, बेलिफ नाही, तुरुंग नाही. राजा आहे, खरं तर राजेच राजे आहेत, एका वेळी शे-दीडशे तरी असतील, प्रत्येकाचं राज्य म्हणजे आपल्या एखाद्या छोट्या तालुक्याएवढं, त्याला म्हणायचं तुअथ. पण तो राजा तुमच्या दोन गाईंसाठी शिपाई पाठवणार नाहीये. कायदा त्याने केलेला पण नाही. कायदा सांभाळतात ब्रेहन, म्हणजे शिकलेले न्यायपंडित, आणि त्यांचा सगळ्यात मोठा ग्रंथसंग्रह शेन्खस मार हा सातव्या शतकाच्या शेवटी किंवा आठव्याच्या सुरुवातीला जमवला गेला. पाचव्या शतकातल्या संत पॅट्रिकने बसून तो मंजूर केला वगैरे कथा आहे, ती नंतरच्या लोकांनी वजन वाढवायला लावलेली आहे, तिकडे फार लक्ष देऊ नका.

सगळ्यात आधी स्वतःची किंमत काढा. मी गंमत करत नाहीये. प्रत्येक स्वतंत्र माणसाच्या अब्रूला ठरलेली किंमत असते आणि ती गुरांमध्ये मोजतात. छोटं एकक सेट, म्हणजे अर्धी दुभती गाय. मोठं एकक कुमल, ज्याचा हिशोब बऱ्याचदा ३ दुभत्या गाई असा धरतात, आणि कुमल म्हणजे मुळात गुलाम बाई. ‘प्राचीन केल्टिक समतेचा समाज’ असलं काही इंटरनेटवर वाचलं असेल तर हे एकक लक्षात ठेवा, हिशोबाच्या वहीतच बाई लिहिलेली होती.

दर्जांची सविस्तर यादी क्रीथ गाब्लाख नावाच्या साधारण ७०० सालच्या मजकुरात आहे आणि तो वाचायला फार मजेदार आहे. खालच्या पायरीवरचा स्वतंत्र शेतकरी ओकारे, त्याच्याकडे ७ गाई आणि एक वळू, ७ डुकरं, ७ मेंढ्या, एक घोडा, आणि नांगरात चौथा हिस्सा, म्हणजे चार जणांनी सावड करून औत चालवायचं, याचा बैल एक. त्याची अब्रू ३ सेट. त्याच्यावर बोआरे, १२ गाई, नांगरात अर्धा हिस्सा, अब्रू ५ सेट. त्याहून सुखवस्तू शेतकऱ्याच्या घरात ३ नाकाडं हवीत असं लिहिलंय: एक अंगणातल्या डुकराचं, एक आकड्याला टांगलेल्या खारवलेल्या डुकराचं आणि एक जमिनीत घुसणाऱ्या नांगराचं, म्हणजे रस्त्यावरून राजा, बिशप, पंडित, कोणीही आला तरी मान खाली घालायची वेळ येऊ नये. सरदारांमधला सगळ्यात खालचा १० सेटला. राजा ७ कुमलला. आणि ही किंमत घसरतेही, राजा स्वतः कुऱ्हाड-फावडं घेऊन काम करताना सापडला किंवा पळताना मानेमागे जखम झाली तर त्याला सामान्य माणसाचीच किंमत मिळते.

तुम्ही बोआरे आहात असं धरू, शेजारीपण बोआरे. हे महत्त्वाचं आहे, कारण माणूस आपल्या अब्रूच्या किमतीपलीकडचा व्यवहार स्वतःच्या बळावर करू शकत नाही, साक्ष देऊ शकत नाही, जामीन राहू शकत नाही. २ गाई म्हणजे ४ सेट, दोघांची पत ५ सेट, व्यवहार बसतो. ६ गाई तोंडी दिल्या असत्या तर आत्ता रडत बसला असता.

दुसरं, त्याचे भाऊबंद कोण ते बघा. एका पणजोबापासूनची सगळी पुरुषशाखा म्हणजे कायद्याच्या नजरेत एक घर, जमीन त्यांची सामाईक, वाटणी त्यांच्यातच, आणि एकाने दंड बुडवला की बाकीच्यांच्या गळ्यात. खून केला तर मेलेल्याच्या जिवाचे ७ कुमल, मग तो कोणत्याही दर्जाचा स्वतंत्र माणूस असो, वर त्याच्या नातेवाइकांच्या अब्रूची भरपाई वेगळी, आणि खुनी पळाला तर भाऊबंदांनी भरायचं. त्यामुळे भाऊबंदकी इथे नुसती कटकट नाही, तीच पोलीस आहे. शेजाऱ्याच्या चुलत्याला कानावर घालून ठेवा, कधीकधी तेवढ्यानेच काम होतं.

तिसरं काम खरं तर गाई देतानाच करायला हवं होतं: जामीन. तीन प्रकारचे असतात आणि लोक त्यांची हमखास गल्लत करतात. एक जामीन आपली अब्रू पणाला लावतो आणि कर्जदाराच्या मागे लागून, वेळ पडली तर बळजबरीने, देणं द्यायला लावतो. दुसरा आपल्या मालमत्तेतून भरतो, आणि मग कर्जदाराकडून ते सगळं, व्याजासकट आणि स्वतःच्या अब्रूच्या किमतीसकट, उकळतो. तिसरा स्वतःला ओलीस म्हणून देतो, हा मोठ्या करारांत आणि राज्याराज्यांमधल्या तहांत जास्त दिसतो. दोन गाईंसाठी पहिले दोन पुरेत. आणि जामीन निवडताना तो कर्जदाराहून वरच्या दर्जाचा निघाला तर बिचकू नका, वरचाच बरा, कारण शपथेवर शपथ आली तर मोठ्या दर्जाच्या माणसाची शपथ लहानाच्या शपथेला खाऊन टाकते. अन्याय आहे? आहेच. पण हा कायदा सगळे सारखे असं म्हणतच नाही.

बाईने गाई उधार दिल्या असतील तर वाट अजून अरुंद, बहुतेक व्यवहारांना बाप, नवरा किंवा मुलगा लागतो. तरी दोघांनी सारखी मालमत्ता आणून केलेल्या लग्नात नवरा-बायकोला एकमेकांच्या संमतीशिवाय मोठे व्यवहार करता येत नाहीत, आणि नवऱ्याने मूर्खासारखा सौदा केला तर मुख्य बायको तो मोडू शकते. घटस्फोटाची कारणं पण लिहिलेली आहेत, त्यात नवऱ्याने शेजेवरच्या गोष्टी गावभर सांगणं हेही एक कारण आहे. या दोन गोष्टी हातात धरून काही लोक त्या काळाला स्त्रियांचा सुवर्णकाळ म्हणतात, बाकीचं न वाचता.

आता मुख्य कृती, म्हणजे त्याची गुरं हाकून आणणं. याला अथगवाल म्हणतात आणि शेन्खस मारमध्ये हाच विषय सगळ्यात आधी आलाय, उगीच नाही. पहिली पायरी सूचना, तोंडी आणि रीतसर. मग थांबायचं, दाव्याच्या प्रकाराप्रमाणे १ दिवसापासून १० दिवसांपर्यंत मुदत असते. या मुदतीत त्याने काही तारण दिलं, समजा एखादी मौल्यवान वस्तू, की तुम्ही थांबायचंच, मग पुढचं निवाड्यात. तारण नाही दिलं तर मुदत संपल्यावर कायदा जाणणारा एक माणूस बरोबर घेऊन त्याच्या रानात जायचं आणि देण्याइतकी गुरं हाकून आणायची. एकटं जाऊ नका, ती मग चोरी दिसते, आणि वसुली चुकीची निघाली तर दंड उलटा तुमच्यावर बसतो.

गुरं घरी नेऊन गोठ्यात बांधायची नाहीत. कोंडवाड्यात ठेवायची. इथे दुसरी मुदत सुरू होते, तेवढ्यात तो येऊन देणं चुकवून, कोंडवाड्याचा चाऱ्यापाण्याचा खर्च भरून, गुरं सोडवू शकतो. ही पण मुदत गेली की गुरं त्याच्या हातातून जायला लागतात, एकदम नाही तर हप्त्याने: पहिल्या दिवशी ५ सेटची, नंतर रोज ३ सेटची. तुमचं देणंच ४ सेटचं, म्हणजे पहिल्या दिवशीच खेळ खलास. मोठ्या देण्यात मात्र ही रोजची गळती बघत बसणं हेच खरं दडपण, शिपायाशिवाय माणसाला हलवायची ही युक्ती मला तरी फार हुशारीची वाटते.

पण गुरंच नसतील तर? कारागीर असेल तर त्याचं हत्यार अडकवा. लोहाराच्या ऐरणीला फांदीचा वेढा बांधायचा, तो बांधला की देणं मिटेपर्यंत त्याने ऐरणीला हात लावायचा नाही. वेढा तोडायला काय लागतं, काहीच नाही, पण तोडला की गावात अब्रू गेली आणि अब्रू गेली की त्याच्याशी व्यवहार करणारं कोणी नाही.

मोठा माणूस असेल, म्हणजे सरदार, कवी, धर्मगुरू, तर थेट गुरं हाकायची नाहीत. आधी उपोषण. त्याच्या दारात जाऊन जेवण सोडून बसायचं, याला त्रोस्कद म्हणतात. हे आमरण उपोषण नव्हे, वसुलीतलाच एक टप्पा आहे आणि त्याला दोन्ही बाजूंनी नियम आहेत. तुम्ही उपाशी असताना त्याने तारण न देता जेवण उरकलं तर देणं दुप्पट. तारण द्यायला तो चक्क नाहीच म्हणाला तर त्याचा कायद्यावरचा हक्कच संपतो, म्हणजे उद्या त्याचं कोणी बुडवलं तर त्याने दाद कुठे मागायची? आणि उलट, त्याने व्यवस्थित तारण देऊ केलं तरी तुम्ही हट्टाने बसून राहिलात तर तुमचा दावा गेला.

वाचताना तुम्हाला धरणं आठवलं असेल. ते हेन्री मेन या इंग्रज कायदेपंडितालापण आठवलं होतं. हा १८६२ ते १८६९ व्हाइसरॉयच्या कौन्सिलात कायदा सदस्य होता, भारतातलं धरणं त्याला माहीत होतं, आणि आयरिश कायद्याची भाषांतरं तेव्हा छापून येत होती, म्हणून परत गेल्यावर त्याने १८७५ मध्ये दोन्ही शेजारी शेजारी ठेवून मांडणी केली. आपल्याकडे देणेकऱ्याच्या दारात बसणं इतकं मुरलेलं होतं की १८६० च्या दंड संहितेत कलम ५०८ खाली धरणं धरून समोरच्यावर देवाचा कोप होईल असं भासवणं हे उदाहरण म्हणूनच दिलेलं होतं. फरक असा की आयर्लंडमध्ये हा कायद्यातला मार्ग होता आणि इंग्रजांनी आपल्याकडे तो गुन्हा ठरवला. दोन्हींचं मूळ एकच, हजारो वर्षांपूर्वीच्या एकाच आर्य प्रथेतून आलेलं, असं तेव्हा अनेकांना वाटायचं, मला ते फार ताणलेलं वाटतं. जिथे जबरदस्ती करणारं सरकार नाही आणि समोरचा बलदंड आहे तिथे गरीब माणूस आणखी करणार काय.

राजाने बुडवलं असेल तर अजून एक तोड आहे. राजाची गुरं हाकली तर त्याची अब्रू जाते आणि त्याच्याबरोबर अख्ख्या राज्याची, म्हणून राजाच्या वतीने एक साधा माणूस नेमलेला असतो, त्याची गुरं तुम्ही हाकायची आणि राजाने त्याला भरून द्यायचं. बळीचा बकरा अधिकृतपणे पगारावर. राजाला भेटायचंच असेल तर वार बघून जा, क्रीथ गाब्लाखमध्ये आठवड्याचं वेळापत्रक आहे: रविवारी दारू पाजायची, मंगळवारी पटावरचा खेळ, बुधवारी शिकारी कुत्री, गुरुवार बायकोसाठी, शुक्रवारी घोड्यांच्या शर्यती. कामकाज सोमवारी आणि शनिवारी.

एवढं करून वाद राहिलाच तर ब्रेहनपुढे जायचं. त्याची फी दाव्याच्या रकमेचा बारावा भाग. दावा चालवायच्या पाच ठरलेल्या वाटा असतात, त्यातली कोणती धरायची हे तुमच्या वकिलाने आधीच ठरवायचं, आणि ब्रेहनला पण आपल्या निवाड्यासाठी ५ औंस चांदीचं तारण ठेवावं लागतं, चुकला तर ते गेलं. खोटा निवाडा दिला की न्यायाधीशाच्या गालावर फोड येतात अशी समजूत होती, तारण मात्र समजुतीवर सोडलं नव्हतं.

आता एक सावधगिरी. ही सगळी कृती कोणत्या सालापर्यंत चालते? लोक इथे घाईने म्हणतात की ११६९ ला इंग्लंडकडून नॉर्मन आले आणि संपलं. नाही. व्हायकिंगांनी पण काही मोडलं नाही. नॉर्मन सरदारच उलट या कायद्याने वागायला लागले, इतके की १३६६ मध्ये किलकेनीच्या कायद्यांनी इंग्रज लोकांना ब्रेहन कायदा वापरायला बंदी करावी लागली, आणि बंदी करावी लागते तेव्हा लोक काय करत होते ते कळतंच. मॅक इगन, ओ'डॅव्हरन अशी घराणी पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करत राहिली. ओ'डॅव्हरनांची शाळा क्लेअर परगण्यात बरेनच्या खडकाळ माळावर काहरमॅकनॉटन इथे होती, आणि १५६० च्या दशकातसुद्धा तिथे पोरं आठव्या शतकातला मजकूर उतरवून घेत होती. १३५० च्या ख्रिसमसच्या आदल्या रात्री २१ वर्षांच्या एड मॅक इगनने बापाच्या कायद्याच्या पोथीत लिहून ठेवलंय की प्लेगचं दुसरं वर्ष आहे, देवाने मला यातून वाचवावं, आणि वाचणाऱ्याने माझ्यासाठी प्रार्थना करावी. कलमांच्या शेजारीच, त्याच पानांत.

संपवलं ते इंग्रज सत्तेने आणि नेमकं जमिनीवर हात घालून. त्याआधीची एक गोष्ट सांगतोच. १५८८ ते १५९४ दरम्यान डब्लिनला असलेल्या लॉर्ड डेप्युटी, म्हणजे इंग्रज राजसत्तेचा प्रतिनिधी, फिट्झविल्यमने उत्तरेतल्या फर्मानाच्या सरदार मॅग्वायरला सांगितलं की तुझ्या मुलखात आम्ही शेरीफ, म्हणजे आमचा अंमलदार, पाठवतोय. मॅग्वायर म्हणाला जरूर पाठवा, फक्त त्याच्या जिवाची किंमत किती ते आधी सांगून ठेवा, म्हणजे माझ्या लोकांनी त्याचं डोकं उडवलं तर मी ती मुलखातून गोळा करून देईन. काहींना हा उद्धटपणा वाटतो, असेलही, पण जुन्या कायद्यात हा अगदी सरळ व्यवहाराचा प्रश्न आहे. हे लिहून ठेवलंय सर जॉन डेव्हिसने, जो पुढे आयर्लंडचा अ‍ॅटर्नी जनरल झाला आणि ज्याने या कायद्याला मूठमाती दिली.

१६०३ ला इंग्रजांविरुद्धचं ९ वर्षांचं युद्ध संपलं, अल्स्टरचे, म्हणजे उत्तरेकडचे, सरदार हरले, १६०७ ला देश सोडून गेले. दरम्यान १६०६ मध्ये न्यायाधीशांनी ठरवलं की भाऊबंदांत जमीन वाटायची आयरिश पद्धत बेकायदा, आणि १६०८ मध्ये सरदारकीचा वारस भाऊबंदांतून आधीच निवडायची पद्धत पण बेकायदा. बस. भाऊबंदांची जमीन गेली की भाऊबंदांनी एकमेकांचं देणं कशातून भरायचं? जामीन काय तारण ठेवणार? दंड, अब्रू, जामीन सगळं त्या एका जमिनीवर उभं होतं. त्याच सुमारास डेव्हिस फर्मानाला गेला होता, मॅग्वायरच्या जमिनींचा हिशोब हवा होता, आणि तो होता एका म्हाताऱ्या ब्रेहनकडे, ओ'ब्रेस्लिन, चालवतही नव्हतं त्याला. आधी म्हणाला युद्धात कागद जळाले. फारच खोदून विचारल्यावर उसासा टाकून म्हणाला, आहे, पण जिवापेक्षा प्रिय आहे, परत देईन अशी शपथ लॉर्ड चॅन्सेलरने, म्हणजे डेव्हिसबरोबर आलेल्या बड्या न्यायाधिकाऱ्याने, घेतली तरच देतो. चॅन्सेलरने हसत हातावर हात मारून वचन दिलं, तेव्हा म्हाताऱ्याने सदऱ्याच्या आतून गुंडाळी काढली, दोन्ही बाजूंनी सुबक आयरिश अक्षरात लिहिलेली. वचन देऊन घेतलेलं तारण, जुन्या पद्धतीने केलेला बहुधा शेवटच्या काही व्यवहारांपैकी एक, आणि समोर बसलेले लोक तो कायदाच मोडायला आलेले.

ज्यांना मूळ मजकुरापर्यंत जायचंय त्यांच्यासाठी थोडं. पोथीत मोठ्या अक्षरात असतो तो जुना मजकूर, सातव्या-आठव्या शतकातला, आणि ओळींमध्ये बारीक अक्षरात कोंबलेली असते ती नंतरच्या वकिलांची टीका, बाराव्यापासून सोळाव्या शतकापर्यंतची. दोन्ही एकत्र वाचू नका. टीकाकारांना जुनी भाषा बऱ्याच ठिकाणी कळत नव्हती आणि ते बिनधास्त ठोकून द्यायचे. नेटवर फुकट मिळणारं १८६५ ते १९०१ मधलं सहा खंडांचं इंग्रजी भाषांतर पण जपून, ओ'डोनोव्हन आणि ओ'करी हे ज्यांनी कच्चं भाषांतर केलं ते दोघे पहिला खंड छापायच्या आधीच वारले, पुढच्यांनी त्याचं काहीही केलं, आणि त्यावर सगळ्यात कडक टीका करणारा होता व्हिटली स्टोक्स, डब्लिनचा माणूस, १८७७ ते १८८२ भारत सरकारचा कायदा सदस्य, जो दिवसा आपल्या दिवाणी-फौजदारी संहिता बघायचा आणि उरलेल्या वेळात जुनी आयरिश. त्याने संपादित केलेला एक जुना आयरिश शब्दकोश तर १८६८ मध्ये कलकत्त्यात छापलाय. विश्वासाचा मूळ मजकूर हवा तर बिंची या आयरिश अभ्यासकाने १९७८ मध्ये छापलेले सहा खंड, त्यात भाषांतर नाही, एक ओळ नाही. पोथ्यांचे फोटो डब्लिनच्या संस्थांनी ऑनलाइन फुकट ठेवलेत, ते नुसते बघायलासुद्धा छान आहेत.

उधारीचा दावा जमला की पुढचा मधमाश्यांचा लावून बघा, छोटा मजकूर आहे आणि चांगलं भाषांतर आहे. मुद्दा असा: तुमच्या माश्या शेजाऱ्याच्या फुलांवर चरतात, म्हणजे ती गुरांसारखीच घुसखोरी झाली, पण माश्यांना कोंडवाड्यात कसं घालणार? मग ३ वर्षं सूट आणि त्यानंतर शेजाऱ्यांना पोळ्यातून निघालेला थवा द्यायचा. माशीने डोळा फोडला तर काय, हे पण आहे त्यात, कारण काँगल काएख नावाच्या राजाचा एक डोळा माशीने घेतला आणि तेवढ्यावरून तारा या ठिकाणची त्याची मानाची गादी गेली. व्यंग असलेला माणूस राजा चालत नाही.